डफली हळू वाजवणारा पाहिजे

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मोठ्या आवाजाला अवगुण मानायची पद्धत नाही. फोनवर बोलताना पलीकडचा माणूस किती लांब आहे याचा आम्ही विचार करतो आणि त्या अंतराच्या हिशोबानं ओरडतो. कराडहून पुण्याला एक पट्टी, मुंबईला दोन, आणि पोरगा अमेरिकेत असेल तर अख्खी आळी दारात येते. १९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिणेकडचे तालुके काढून 'दक्षिण सातारा' असा वेगळा जिल्हा केला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं. कचेऱ्या वाटल्या गेल्या, फायली वाटल्या गेल्या. घसा मात्र एकत्र कुटुंबातच राहिला.

कुंडलचं कुस्ती मैदान ज्यानं ऐकलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. 'ऐकलंय' असंच म्हणतो, कारण एवढ्या गर्दीत दिसतं ते पुढच्यांना. मल्लांची नुसती खडाखडी चालली असेल तोवर हलगी सबुरीनं चालते, कुणी पटात शिरला की तिचा कडकडाट सुरू होतो, आणि शेवटच्या रांगेतला माणूस मान वर न करता, शेंगा सोलता सोलता नुसत्या हलगीवरून निकाल सांगतो. त्या हलगीला 'जरा हळू' असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

अशा मुलखात माझ्या भाच्यानं ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ काढला.

स्टुडिओ म्हणजे साताऱ्यातल्या एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावरचा गाळा. आधी तिथं झेरॉक्सचं दुकान होतं. भिंतींना काळा फोम, आणि फोमचे पैसे संपले तिथून पुढं अंड्यांचे ट्रे. अंड्यांच्या ट्रेनं आवाज अडतो ही समजूत जगभर आहे आणि जगभर ती चुकीची आहे. आतला आवाज त्यानं थोडा विखुरतो, इतकंच; शेजारची पिठाची गिरणी आत यायची ती येतेच. त्यामुळे या स्टुडिओतली सगळी नाजूक गाणी दुपारी गिरणीवाला जेवायला गेला की होतात. एका भावगीताच्या शेवटच्या कडव्यात बारीक घरघर आहे. त्या दिवशी तो लवकर जेवला होता.

तर कराड तालुक्यातल्या एका गावची यात्रा कमिटी गाणं करून घ्यायला आली. गाणं ग्रामदैवताचं, चाल ठरलेली, गायक गावचाच. गाडीतून पाचजण उतरले: अध्यक्ष, खजिनदार, गायक, गायकाचे चुलते आणि एक उपसरपंच. उपसरपंच कशासाठी आले होते ते कळलं नाही. बहुधा गाडी त्यांची होती. भाच्यानं संगणकावर कच्चा आराखडा ऐकवला आणि म्हणाला, "ह्यात एक टँबोरिन टाकू."

"म्हंजे?" अध्यक्ष.

"डफलीसारखंच असतं. लाकडी कडं, त्यात चकत्या. चामडं नसतं."

"चामडं न्हाय? मग वाजवायचं काय?"

"हवेत हलवायचं. नाहीतर तळव्यावर मारायचं."

अध्यक्षांनी खजिनदाराकडे बघितलं. हवेत हलवायच्या वस्तूचा खर्च वहीत कुठल्या खात्याला टाकायचा, हा विचार दोघांच्याही तोंडावर स्वच्छ दिसत होता.

डफली म्हटलं असतं तर एवढं अवघड गेलं नसतं. डफली आपल्याकडे सिनेमानं घरोघर पोचवली. १९५५ च्या 'श्री ४२०' मध्ये ती राज कपूरच्या हातात होती आणि १९७९ च्या 'सरगम'मध्ये ऋषी कपूरच्या. वडिलोपार्जित वाद्य असं त्याआधी फक्त घराणेदार गवयांकडेच असायचं. 'सरगम'नंतर मात्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एक तरी मुलगा डफली घेऊन उभा राहिला, आणि ती वाजवायला लय लागते हे बहुतेकांना रंगमंचावर गेल्यावर कळलं.

ही चकत्यांची वस्तू फार कावेबाज आहे. लांबून ऐकली की निरुपद्रवी छमछम. माइकसमोर धरली की आगाऊ. चकतीवर चकती आपटते तो क्षण सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपतो, पण तेवढ्यात जे शिखर उभं राहतं ते गाणाऱ्याच्या डोक्यावरून जातं. टेपच्या जमान्यात काटा हलणारे मीटर असत. त्या काट्याला पुरतं वर चढायला सेकंदाचा जवळजवळ एक तृतीयांश वेळ लागायचा. म्हणजे काटा उठून बसेपर्यंत चकती वाजून घरी गेलेली असायची. काटा म्हणायचा, सगळं शांत आहे; टेप बिचारी आतल्या आत भाजत असायची. म्हणून जुने जाणते ध्वनिमुद्रक टँबोरिन आलं की काट्यावर विश्वास ठेवत नसत, काटा जेमतेम हलेल इतकंच घ्यायचे. टेप निदान मऊपणानं भाजायची. संगणक तेवढाही मुलाहिजा ठेवत नाही. रेषेच्या वर गेलं ते कापलं, विषय संपला. आणि एवढं करून गाणं शेवटी पोचणार व्हॉट्सॲपवर. तिथं ते पिळून लहान केलं जातं आणि त्या पिळवणुकीत पहिला बळी चकत्यांचा जातो. टाळी ऐकू यायच्या आधीच फसफस ऐकू येते.

"म्हणून आवाज कमी असलेली पाहिजे," भाच्यानं कमिटीला सांगितलं. "जी मैदानात ऐकूच येणार नाही, ती इथं चांगली."

"म्हंजे पैसं देऊन आवाज कमी?" अध्यक्षांनी विचारलं. यात्रेच्या डीजेवाल्याशी त्यांचा आयुष्यभराचा व्यवहार नेमका उलट झालेला होता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ डेसिबल लिहिलेत, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. गैरसमज एवढाच की ते कमीत कमी आहेत.

वाद्य आणायला आम्ही मिरजेला गेलो. साताऱ्याहून महामार्ग धरायचा, पेठ नाक्याला डावीकडे वळून इस्लामपूर, आष्टा, सांगली, की मिरज. नमुन्यादाखल भाच्यानं कुठून तरी मागवलेली एक प्लॅस्टिकची, चंद्रकोरीच्या आकाराची टँबोरिन डिकीत होती. प्रत्येक गतिरोधकाला ती बोलली. गावोगावचे गतिरोधक सरपंचाच्या मर्जीनं घातलेले असल्यामुळे लयीचं काही जमेना, पण चकत्या पत्र्याच्या आहेत हे आष्टा यायच्या आत आम्हा दोघांनाही कळलं. वाद्याची परीक्षा दुकानात घेण्यापेक्षा डिकीत घ्यावी, असं माझं तेव्हापासून मत आहे.

मिरज या जिल्ह्यात कशी काय आली, हे मला नेहमी कोडं वाटतं. आजूबाजूला हलगी, कुस्ती, कारखान्याच्या निवडणुका, आणि मधोमध हे गाव गेली दीडशेहून अधिक वर्षं भोपळ्यांना तारा लावून कान देऊन बसलंय. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले. मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीत अजून गाणं होतं. खाँसाहेबांचा आवाज बारीक, आर्जवी. जुन्या तबकड्यांवरही तो नीट बसला. मैदान मारायचं तर कुंडल, माइक मारायचा तर मिरज, अशी माझी साधी वाटणी आहे. माइक हा प्राणी मूळचा मिरजेचाच असावा.

दुकानदारानं आमची मागणी ऐकली. "डफली का? कितीची दाखवू?"

"आवाज कमी असलेली."

त्यानं भाच्याला आपादमस्तक न्याहाळलं. "घरात कुणी आजारी हाय काय?"

मग त्यानं माळ्यावरून खोका काढला. लाकडी कडं, चकत्यांच्या दोन ओळी, झगझगीत पांढऱ्या. 'जर्मन सिल्व्हर,' तो म्हणाला, आणि किंमतही जर्मन सांगितली. आम्ही घासाघीस करून घेतली.

चकत्यांची खरी पारख केली ती आमच्या दाजींनी. दाजी विट्याकडचे. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. दुष्काळानं शेती सोडवली आणि गलाईनं तारलं. दाजींचं दुकान कोइमतूरला. ते सुट्टीला आले होते. डफली हातात घेऊन त्यांनी एका चकतीला नखानं टिचकी मारली, डोळे मिटले आणि म्हणाले, "ह्यात चांदी गुंजभर सुदीक न्हाय. तांबं, जस्त आन् निकेल." आणि ते खरंच आहे, जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यात चांदी नसतेच. "लांबवर खणखणतंय ते निकेलमुळं. पितळ एवढं वरडत न्हाय."

"मग पितळी पाहिजे," भाचा म्हणाला.

"पितळ पाहिजे म्हणणारा गिऱ्हाईक तीस वर्सांत पहिल्यांदा बघितला," दाजी म्हणाले.

पितळी चकत्यांची एक खंजिरी आमच्या गल्लीच्या भजनी मंडळाकडे होती. एकेरी ओळ, काळवंडलेली, ठोकून ठोकून चकत्यांना पोचे आलेले. पोचा आला की चकती एका सुरात किणकिणत नाही, आवाज पसरतो आणि लवकर विरतो; परदेशी कारखानदार त्यासाठी नव्याकोऱ्या चकत्या मुद्दाम हातोडीनं ठोकून देतात. आमच्या मंडळानं हे काम पंढरपूरला जाता-येता फुकटात केलं होतं. खंजिरीवर तिकडे विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी भजनाचा अख्खा संप्रदाय उभा केला. आमच्याकडे ती मृदंगवाल्याच्या मागं बसणाऱ्या माणसाकडे असते, म्हणजे ज्याला चहा शेवटी मिळतो त्याच्याकडे.

वाजवायला तात्यांना बोलावलं. तात्या हलगीवाले. कमिटीची अटच होती की गाण्यात हलगी पाहिजे, आणि टँबोरिनही त्यांनीच वाजवावं असं ठरलं; दोन माणसांचं मानधन खजिनदारांना सोसलं नसतं. तात्यांच्या घरात हलगी किती पिढ्या आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. आकाशवाणी सांगलीला १९६३ साली आली. त्याआधी इकडची आकाशवाणी म्हणजे हलगीच. दवंडी तिच्यावर, लग्न तिच्यावर, मयत तिच्यावर. आणि ज्याच्या हलगीवाचून गावाचं एक काम सुरू व्हायचं नाही, त्याला वाजवायला उभं करायचे चावडीच्या पायरीखाली. हे विसरून हलगीचं कौतुक करायची अलीकडे फॅशन आलीय. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, त्यात गाण्याइतकंच या पायरीचंही भांडण होतं. पसरणीचे शाहीर साबळे, रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, सगळी या दोन जिल्ह्यांची पोरं. एवढी गळ्याची श्रीमंती एका नदीच्या खोऱ्यात साठल्यावर हळू बोलायला सवड कुणाला होती?

तात्या आले, पिशवीतून हलगी काढली, कानाशी नेऊन टिचकी मारली आणि म्हणाले, "शेकोटी कुठं?"

दिवस पावसाचे होते. चामडं हवेतली ओल ओढतं आणि सैल पडतं. विस्तवावर धरलं की पुन्हा ताणलं जातं. हलगीवाला कार्यक्रमाच्या आधी कडबा-कागद पेटवून बसलेला दिसतो तो याचसाठी. पण चारी बाजूंनी फोम, खाली गालिचा, वर अंड्यांचे कागदी ट्रे, अशा खोलीत शेकोटी म्हणजे यात्रेऐवजी दुसऱ्याच विधीची तयारी. भाच्यानं बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला. तात्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि शांतपणे हलगीला मारू लागले. तेवढ्यात एसीनं उलट्या बाजूनं हवा कोरडी करायला सुरुवात केली. चामड्याला काय करावं सुचेना. पाच मिनिटांपूर्वी जी हलगी 'धब' म्हणत होती ती 'टण्' म्हणायला लागली. मग एसी बंद. मग सगळे घामाघूम.

"कोइमतूरला कंजिरा म्हणून असतोय," दाजी मध्येच म्हणाले. दाजींनाही यायचंच होतं. "तळहाताएवढं, एकच जोडी चकतीची. गाण्याच्या कचेरीत वाजवत्यात. वाजवणारा मागनं पाणी शिंपडतोय, खर्ज यावा म्हनून."

तात्यांनी ड्रायर बंद केला. "आमी शेकायचं, त्येंनी भिजवायचं?"

"व्हय."

"आन् बरूबर वाजतंय?"

"लई भारी वाजतंय."

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कातडं घोरपडीचं आसंल." अगदी बरोबर. कंजिरा, आपल्या वाघ्याची दिमडी, दोन्हींना पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. आता घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे दिमडीवर बकरी नाहीतर प्लॅस्टिक चढतं. दंतकथेत किल्ल्याचा कडा चढून जाणाऱ्या घोरपडीनं एवढी सवलत कमावलेलीच होती. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत दिमडी ऐकली असेल त्याला माहीत आहे: भंडाऱ्याची उधळण, हजारोंचा येळकोट, आणि त्यातही ती बोटांनी वाजवलेली दिमडी कुणाच्या ना कुणाच्या कानाजवळ असतेच.

हलगी एका दमात झाली. माइक तिच्यापासून दोन पुरुष लांब, दाराच्या कोपऱ्यात ठेवला होता. तरी पडद्यावरची रेषा छताला टेकली. कमिटी खूष. मग टँबोरिन.

तात्यांनी ती जर्मन सिल्व्हरवाली उचलली. उचलतानाच ती वाजली. "कट," भाचा म्हणाला. या वाद्याला हातात घेतलं की वाजतं, ठेवलं की वाजतं, धरणाऱ्यानं श्वास घेतला तरी वाजतं. नको तेव्हा न वाजवणं हीच निम्मी विद्या. ते छातीशी आडवं, स्थिर धरायचं, गाणं सुरू व्हायच्या आधी दगड व्हायचं आणि फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तळव्यावर टेकवायचं. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत साठच्या दशकात जॅक ॲशफर्ड नावाचा माणूस मुख्यतः याच कामासाठी नावाजला होता. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा उपसरपंचांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं: "पगारी?"

चंद्रकोर, जर्मन, पितळी खंजिरी. तिन्हींवर तोच तुकडा वाजवून घेतला. भाच्यानं जर्मनच्या काही चकत्यांना चिकटपट्टी लावून तिची तोंडं बंद केली, तरी उरलेल्या तेवढ्याच त्वेषानं बोलत होत्या. मग कमिटीला रांगेत बसवून मतदान घेतलं. कुठली कोणती ते सांगायचं नाही, नुसतं 'एक, दोन, तीन'. पहिल्या फेरीत पाचही मतं जर्मनला. निवडणुकीत एवढं एकमत त्या गावात कधी झालं नसेल.

"कारण ती मोठ्यानं वाजते," भाचा माझ्या कानात पुटपुटला. माणसाच्या कानाला दोन आवाजांतला जो किंचित मोठा तोच चांगला वाटतो. ही खोड साताऱ्याची नाही, सगळ्या मनुष्यजातीची. पारखायचं तर आधी सगळ्यांची पातळी सारखी करून घ्यावी लागते. "पुन्हा एकदा ऐका," तो म्हणाला, क्रम बदलला आणि टेबलाखालच्या हातानं खंजिरीचा आवाज हळूच वर सरकवला. सारखा करायचा होता. थोडा जास्तच सरकला.

"हीच!" अध्यक्ष खुर्चीतून उठले. "दोन नंबर. बघा आवाज कसा आलाय!"

"व्हय, आदीची काय खरी न्हवती," खजिनदार.

उपसरपंचांनीही हात वर केला. भजनी मंडळाची खंजिरी बिनविरोध निवडून आली. मग भाच्यानं मिश्रण करताना तिला गाण्याच्या खाली अशी बसवली की ती आहे हे कळू नये, पण काढली तर काहीतरी गेलं असं वाटावं. ते कमिटीला सांगितलं नाही. तयार गाणं वाजलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. डफलीचा आवाज वेगळाच उठतोय म्हणाले.

घोळ झाला तो पैशांच्या वेळी. खजिनदारांनी हलगीचे पैसे मोजून दिले आणि टँबोरिनपाशी अडले. "तात्या, हलगी तुमी गानंभर बडवली. पन ह्ये दुसरं? एक मात्रा गप, एक टाळी. निम्मा टाइम तर तुमी हात धरून हुबं हुता."

तात्यांनी हलगी पिशवीत घातली. "मग त्येचंच जास्त लावलंय," ते म्हणाले. "वाजवायला म्या बापाकडनं शिकलो. ह्ये गप हुबं ऱ्हायाचं आज हितं शिकाया लागलं, आन् त्येबी ह्या गिरणीवाल्या आवाजात."

खजिनदारांनी अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी उपसरपंचांकडे. शेवटी पैसे दिले, पण पावती मागितली, आणि पावतीवर 'टँबोरिन' न लिहिता 'हलगी, दुसरी' असं लिहून घेतलं. ऑडिटला बरं पडतं म्हणे.